उत्तर बरोबर, प्रयोग चूक

स्मरणिकेसाठी लिहायचं म्हणून जुनं जर्नल शोधून काढलं. रसायनशास्त्राच्या एका पानावर लाल शाईत एकच शब्द आहे, 'पाणी?'. ना सही, ना गुण. सरांच्या हाताखाली शिकलेल्यांना ते अक्षर ओळखायला सही लागायची नाही.

अभिक्रियेचा दर, म्हणजे ती किती वेगानं चालते, हे मोजायचा तो प्रयोग अगदी साधा होता. पांढऱ्या कागदावर पेनानं फुली मारायची, तिच्यावर चंचुपात्र (बीकर) ठेवायचं. पात्रात 50 मिली सोडिअम थायोसल्फेटचं द्रावण, त्यात 5 मिली हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्ल पडलं की घड्याळ सुरू. आधी काहीच घडत नाही. आपण काही विसरलो की काय, असं वाटतं. मग द्रावणावर धुरकट छटा येते, ती पिवळट दुधाळ होत जाते, कारण गंधकाचे बारीक कण तयार होत असतात. नाकाला सल्फर डायऑक्साइड झोंबतो. वरून बघत राहायचं आणि फुली दिसेनाशी झाली की घड्याळ थांबवायचं. बघणारा डोळा शेवटपर्यंत एकाचाच, ही सरांची सक्त ताकीद. 'दिसेनाशी' म्हणजे नेमकं कधी, हे दोघांचं कधी जुळत नाही, आणि आमच्या गटात तर मुळीच जुळत नसे.

दुसऱ्या फेरीत 25 मिली थायोसल्फेट घ्यायचं आणि 25 मिली पाणी घालायचं. संहती (द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचं प्रमाण) निम्मी, म्हणजे दर निम्मा, म्हणजे वेळ दुप्पट. आमचा वेळ जवळपास दुप्पट आला. वही घेऊन ऐटीत सरांकडे गेलो. त्यांनी वहीकडे पाहिलंच नाही. टेबलाशी आले, खाली वाकून पात्राकडे आडवं पाहिलं आणि म्हणाले, "उत्तर बरोबर आहे रे. प्रयोग चुकलाय."

पाणी घालायचंच राहिलं होतं. म्हणजे थायोसल्फेटची संहती कमी झालीच नव्हती. मग वेळ दुप्पट का? कारण पात्रातल्या द्रावणाची उंची निम्मी झाली होती. थर निम्मा असेल, तर फुली झाकायला तेवढ्याच जागेत दुप्पट गंधक साचावा लागतो. अभिक्रिया पहिल्याइतक्याच दरानं चालली होती. आम्ही मोजली ती थराची जाडी. आकडा पुस्तकाशी जुळला, म्हणून कुणालाच शंका आली नाही.

त्यानंतर अभिक्रियेच्या दराचा हा धडा शिकवताना सरांनी जणू हाच एक छंद घेतला. कुणी बरोबर उत्तर दिलं की विचारायचे, "कशावरून?" तापमान 10 अंशांनी वाढलं की पुष्कळ अभिक्रियांचा दर साधारण दुप्पट होतो, हे सगळ्यांना पाठ. का? "रेणू जोरात पळतात, टकरी वाढतात." परीक्षेत या उत्तरालाही गुण मिळून जातात. सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. 298 वरून 308 केल्व्हिनला रेणूंचा सरासरी वेग तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जेमतेम पावणेदोन टक्के. टकरींची वाढही तेवढीच. त्यातून दुप्पट कुठून येणार?

दुप्पट येतं ते सक्रियण ऊर्जेचा, म्हणजे अभिक्रिया घडायला टकरीत लागणाऱ्या किमान ऊर्जेचा, उंबरठा ओलांडणाऱ्या टकरींमुळे. दर नेमका दुप्पट धरला, तर तापमान आणि दर यांचं नातं सांगणाऱ्या अऱ्हेनियसच्या समीकरणातून (1889 सालचं ते) सक्रियण ऊर्जा सुमारे 52.9 किलोजूल प्रति मोल येते. हे गणित परीक्षेत हमखास पडतं. पण उत्तर आलं की आपण पेन ठेवतो. सर ठेवू देत नसत. तीच किंमत घेऊन पुढं गेलं की दिसतं, 298 ला साधारण 187 कोटी टकरींमागे एक पुरेशा जोराची, तर 308 ला 94 कोटींमागे एक. तो आकडा पाहून वर्ग गप्प झाला होता. एवढ्या टकरी वाया जातात, हे 'टकरी वाढतात' लिहिताना मनातही आलं नव्हतं.

अभिक्रियेच्या कोटीतही (संहती बदलली की दर कसा बदलतो, हे सांगणारा घातांक) तोच सापळा. हायड्रोजन आयोडाइडच्या विघटनात समीकरणातला सहगुणक (रेणूसूत्राआधीचा आकडा) 2 आणि कोटीही 2. त्यावरून मी मनाशी नियमच करून टाकला आणि चाचणीत डायनायट्रोजन पेंटॉक्साइडच्या विघटनाची कोटीही बेधडक 2 लिहिली. तिथंही समीकरणात 2 च असतो, पण प्रयोगातून कोटी येते 1. ती मोजूनच कळते. समीकरण बघून सांगता येत नाही. प्रश्नात दरस्थिरांकाचं (दर आणि संहती यांना जोडणाऱ्या स्थिर आकड्याचं) एकक दिलं असेल, तर मात्र मोजणी कुणीतरी करूनच ठेवलेली असते. नुसतं 'प्रति सेकंद' दिसलं की कोटी 1, 'मोल प्रति लिटर प्रति सेकंद' दिसलं की शून्य. परीक्षेला बसणाऱ्यांनी आधी एकक बघावं, बराच वेळ वाचतो.

उत्प्रेरकावरही लिहायचं होतं, पण जागा संपत आली.

त्या दिवशी प्रयोग पुन्हा केला, पाणी घालून. वेळ पुन्हा जवळपास दुप्पटच आला. जर्नलात दोन्ही नोंदी एकाखाली एक आहेत, आकड्यांत दोन-तीन सेकंदांचा फरक. बरोबरची खूण फक्त खालच्या नोंदीला आहे.