तुम्ही विचारलंत म्हणून: नकाशे झाले, आता उरलं काय?

ओळख झाली की हा प्रश्न येतोच: "जगाचे नकाशे केव्हाच काढून झाले, वरून उपग्रहही सगळं टिपतायत. मग भूगोलाचे प्राध्यापक संशोधन तरी कशावर करतात?"

मी प्राकृतिक भूगोलातली, त्यातही नद्यांची. नदी कुठे आहे ते नकाशा सांगतो. तिथे का आहे आणि पुढे कुठे सरकेल, त्यासाठी पात्रात उतरून गोटे मोजावे लागतात. हो, गोटेच! अमेरिकी नदी-अभ्यासक गॉर्डन वोल्मन यांनी १९५४ साली मांडलेली पद्धत आजही चालते. एक पाऊल टाकायचं, नजर दुसरीकडे ठेवून बुटाच्या टोकाशी बोट टेकवायचं आणि पहिला लागेल तो गोटा उचलायचा. खाली बघितलं की हात हटकून मोठ्या, देखण्या गोट्याकडे जातो. मग मापायची ती लांबी, रुंदी, जाडी यांतली मधली बाजू, कारण गोटा चाळणीतून जाणार की अडकणार हे तीच ठरवते. असे शंभर गोटे झाले की केवढ्या पुरात तळ हलेल याचा अंदाज येतो.

याच वोल्मननी जॉन मिलर यांच्याबरोबर १९६० मध्ये मांडलं, की गाळ वाहून नेण्याचं बरंचसं काम क्वचित येणारे महापूर करत नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी येणारे मध्यम पूर करतात. पटण्यासारखं आहे, पण सगळीकडे लागू नाही. कातळात कोरलेल्या किंवा कोरड्या प्रदेशातल्या नद्यांत एकच महापूर पात्र पालटून टाकतो. कुठे कोणाचं खरं, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मला विचाराल तर तो लवकर मिटणारही नाही.

अडचण अशी, की निधी मिळतो दोन-तीन वर्षांचा आणि महापूर येतो शंभरेक वर्षांतून एकदा. त्याची वाट बघत बसलं तर सेवानिवृत्ती आधी येते. म्हणून जुन्या पुरांनी टाकलेल्या वाळूचं वय काढायचं. उन्हात वाळूतल्या क्वार्ट्झ या खनिजाच्या कणातली साठलेली ऊर्जा निघून जाते, गाडला गेला की आसपासच्या किरणोत्सर्गाने ती पुन्हा साठू लागते; किती साठली यावरून वय कळतं. त्यामुळे धातूची नळी थरात ठोकून, उजेड न लागू देता नमुना काढायचा आणि प्रयोगशाळेत मंद लाल दिव्यातच उघडायचा. निकालाला महिनोन् महिने लागतात. तोवर पदोन्नतीच्या अर्जात "काम चालू आहे" एवढंच लिहिता येतं, आणि त्याला गुण नसतात.