सिंहगडाच्या घेऱ्यात, फुलपाखरांच्या वेळेने

सिंहगड म्हटला की पुणेकर आधी घड्याळ बघतो. ‘किती मिनिटांत चढलास?’ हा पायथ्याच्या आतकरवाडीतला राम राम. मीही त्याच पंथातला. त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका रविवारी सातवीतल्या भाच्याला घेऊन फुलपाखरं बघायला निघालो, तेव्हाही सवयीने पहाटे पाचचा गजर लावला. उजाडता उजाडता पायथ्याशी हजर! धुकं, ओलं गवत, वर पळणाऱ्यांची रांग आणि फुलपाखरू एकही नाही. अर्धा तास झाडंझुडपं धुंडाळल्यावर भाचा म्हणाला, “मामा, ती अजून झोपली असतील.”

खरंच होतं. फुलपाखराला अंगची ऊब नसते. ऊन अंगावर घेऊन स्नायू तापवल्याशिवाय त्याला धड उडता येत नाही. डोंगराच्या सावलीत ऊन उशिरा उतरतं, त्यामुळे आमच्या वहीत पहिली नोंद साडेआठ वाजता पडली. तुम्ही निवांत चहा-पोहे करून निघा. स्वारगेटहून सिंहगड पायथ्याला जाणारी पीएमपीची ५० नंबरची बस आहे, ती सोयीची. आमचा बेत एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरायचा होता, म्हणून गाडी नेलीच नाही. गाडी पायथ्याला लावली की पुन्हा तिथेच उतरावं लागतं.

बेत असा: आतकरवाडीच्या ओढ्याकाठी भटकायचं, नेहमीच्या वाटेने गडावर जायचं, कल्याण दरवाजाने कल्याण गावात उतरायचं आणि तिथून कोंढणपूर गाठायचं. कागदावर अर्ध्या दिवसाचं काम. प्रत्यक्षात साडेअकरा वाजले तरी आम्ही ओढ्यापासून हाकेच्या अंतरावरच होतो.

कारण तो ओढाच तसा. ऊन आल्या आल्या वाटेवरच्या दगडांवर पॅन्सी पंख पसरून बसल्या, पिवळी, निळी आणि मोरपिशी डोळ्यांची. एकदांडीच्या फुलांवर नखाएवढी ग्रास ब्लू. टाकळ्याभोवती ग्रास यलोची लगबग. त्यांची मादी अंडी टाकळ्यावर घालते, म्हणून माजलेलं रान बघून नाक मुरडू नका, तिथेच थांबा. पण खरी जत्रा गुरं पाणी प्यायला उतरतात त्या चिखलात. जिथे शेणमुताचा वास येतो तिथे एमिग्रंट, टेल्ड जे आणि ब्लू टायगर सोंडा खुपसून बसलेली. याला चिखलपान म्हणतात. फुलातल्या मधात साखर असते पण मीठ फारसं नसतं, ते असं मिळवावं लागतं. चिखलावरची ही मंडळी बहुतेक सगळी नर. मिळवलेलं मीठ ती मीलनाच्या वेळी मादीला देतात. भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे हुंडा?” मी विषय बदलला.

अशा ठिकाणी एक पथ्य पाळा: आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. पायरव चालतो, सावली चालत नाही. सूर्याकडे तोंड करून, बसत बसत पुढे सरका. दुर्बीण नेणार असाल तर दोन मीटरवरचं स्पष्ट दिसणारी न्या. पक्ष्यांसाठी घेतलेली माझी जाडजूड दुर्बीण दिवसभर गळ्यात नुसती लोढणं झाली.

खुळखुळ्याच्या एका वाळक्या झुडपावर कॉमन क्रो आणि टायगर फुलपाखरांचा घोसच लागला होता. हिरव्या झाडावर नाही, वाळक्यावर. या झाडातली कडू द्रव्यं नर शोषून घेतात. त्यातून मादीला भुलवणारा गंध तयार होतो आणि पक्ष्यांना नकोशी वाटणारी चवही येते. इथेच माझी फजिती झाली. केशरी पंख, काळी टोकं, पांढरे ठिपके. मी ठसक्यात सांगितलं, “प्लेन टायगर, रुईवर वाढतं.” भाच्याने मोबाइलवरचा फोटो मोठा केला आणि मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजले. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात तीन-चार काळे ठिपके असतात. इथे वरच्या कडेला एकच होता. ती डॅनेड एगफ्लायची मादी निघाली, कडू टायगरचं सोंग घेऊन जीव वाचवणारी. तिचा नर काळा, त्यावर पांढरे गोल. त्याला बघून ही त्याची बायको असं कोणी म्हणणार नाही. म्हणून फोटो काढताना पंख उघडे आणि मिटलेले, दोन्ही बाजूंनी काढा. एका बाजूवरून नाव सांगणारे माझ्यासारखे तोंडघशी पडतात.

चढाबद्दल काय सांगायचं? चढ आहे, दुपारचा आहे, ऑक्टोबरचं ऊन मारतं. माणशी तीन लिटर पाणी लागलं. गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही यात तासभर गेला, आणि तो वाया गेला असं मी म्हणणार नाही. गर्दीत फुलपाखरं तशी बेताचीच. पण चढताना एका वळणावर ब्लू मॉर्मन डोक्यावरून गेलं होतं, मखमली काळं, मागच्या पंखांवर निळी झाक. तेच राज्याचं मानाचं फुलपाखरू, राणी पाकोळी. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ते निवडलं. राज्य फुलपाखरू ठरवणारं आपलं राज्य देशात पहिलं. फोटो मिळाला नाही. ते थांबत नाही, नुसतं बघून घ्या.

कल्याण दरवाजाच्या बाजूला माणसं एकदम कमी होतात. उतारावर मुरूम सुटतो, बुटाला पकड हवीच. वाळल्या गवतातून चालताना फुरशाची आठवण ठेवा. बसायचा दगड आधी काठीने ठोका आणि पूर्ण पायजमा किंवा पँट घाला. मोज्यांत कुसळं घुसतात ती वेगळीच. ती सोसायटीत परतेपर्यंत टोचत होती.

इथल्या झाडीत सावलीला बसलो तेव्हा कळलं की खाऊच्या डब्याखाली केळी चेपून त्यांचा लगदा झालाय. चिडून मी साली दगडावर ठेवल्या आणि रुमाल शोधायला लागलो. पाच मिनिटांत एक वाळकं पान त्या सालीवर येऊन बसलं. देठ, मधली शीर, बुरशीचे डाग, सगळं पानाचं. मग ते ‘पान’ क्षणभर उघडलं आणि आत गर्द निळा रंग, त्यावर फिकट निळसर पट्टा. ब्लू ओकलीफ! हे फुलांकडे फारसं फिरकत नाही. सडकी फळं आणि झाडाच्या खोडातून झिरपणारा रस ही त्याची आवड. त्याच्या अळ्या कारवीवर वाढतात आणि या उतारांवर कारवी भरपूर आहे. आम्ही तिथे चाळीस मिनिटं बसलो. मागून आलेल्या ट्रेकवाल्यांनी विचारलं, “काही हरवलंय का?” मुद्दाम एक पिकलेलं केळं न्या, मात्र निघताना साल उचलून आणा.

या खादाडीत उशीर झाला. कल्याण गावात भातखाचरांच्या कडेने आलो तेव्हा सूर्य कलला होता. बाकीची फुलपाखरं गवताच्या पात्यांना उलटी लटकून झोपायला लागली होती आणि त्याच वेळी ईव्हनिंग ब्राउन बाहेर पडत होती. पावसाळ्यात जन्मलेल्यांच्या पंखांखाली डोळे असतात, कोरड्या दिवसांतली सुक्या पाचोळ्यासारखी दिसतात. आम्हाला एकाच बांधावर दोन्ही तऱ्हा मिळाल्या. ऋतू बदलतोय त्याचा पुरावा!

कोंढणपूरला अंधार पडता पडता पोचलो. परतीच्या गाडीची वेळ निघण्याआधीच पक्की करून ठेवा. आम्ही केली नव्हती, शेवटी दुधाच्या टेम्पोने खेड शिवापूरपर्यंत आणलं. दिवसभरात बारा-तेरा किलोमीटर चाललो असू, त्यातले पहिले दोन सर्वांत लांब.

टेम्पोत यादी जुळवली. माझ्या वहीत ३८ प्रकार, भाच्याच्या वहीत ३९. भांडण स्किपर नावाच्या दोन छोट्या फुलपाखरांवरून. दोन्ही तपकिरी, दोन्ही गचाळ फोटोत. तो म्हणतो वेगळी, मी म्हणतो एकच. अजून मिटलेलं नाही.