जाहीर सूचना आणि नाशिककर

नाशिक महानगरपालिकेवर मार्च 2022 पासून प्रशासकीय राजवट होती. 15 जानेवारी 2026 रोजी झालेल्या मतदानानंतर 122 नगरसेवक पुन्हा सभागृहात आले. मधल्या काळात शहराचा गाडा अडला नव्हता, अर्थसंकल्पही दरवर्षी होत होता. मात्र महासभेची विषयपत्रिका नगरसेवकाच्या हाती पडली की तिच्यातला एखादा विषय प्रभागात चर्चेला यायचा, ती वाट या काळात बंद होती. सामान्य माणसाला महापालिकेचे म्हणणे कळत होते ते बहुतांशी वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेतून. या सूचना मी आवर्जून वाचतो, आणि त्यांतल्या काही लोकांपर्यंत चटकन पोहोचतात तर काही छापून आल्या तरी कोणाच्या गावी नसतात, असे का होते याचा विचार करतो.

पाण्याची सूचना सर्वांना समजते. पंपिंग स्टेशनवर किंवा जलवाहिनीवर दुरुस्तीचे काम असल्याने शनिवारी पाणीपुरवठा बंद राहील आणि रविवारी सकाळी कमी दाबाने होईल, हे वाक्य नाशिककरांना पाठ आहे. ते वाचून शुक्रवारी पिंपे भरली जातात. अडचण येते ती काम शहराच्या एकाच भागापुरते असते तेव्हा. शहराला गंगापूर धरणातून पाणी येते, मुकणे धरणाचे पाणी विल्होळीच्या केंद्रात शुद्ध होते आणि नाशिकरोडकडे चेहेडी बंधाऱ्यातून दारणेचे पाणी उचलले जाते. साहजिकच एक ठिकाण बंद असले म्हणजे सगळे शहर कोरडे राहते असे नाही. अशा वेळी सूचनेत जलकुंभांची नावे दिली जातात, पण आपल्या नळाला कोणत्या जलकुंभाचे पाणी येते हे किती घरांना ठाऊक असेल? पाणीपट्टीच्या बिलावर जलकुंभाचे नाव छापले, तर ही सूचना घरोघर लागू पडेल आणि त्यासाठी फारसा खर्चही येणार नाही.

पावसाळ्यातली गोष्ट अधिक बोलकी आहे. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की गोदावरीवरच्या होळकर पुलाखालून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी वाहते आहे याचे आकडे दर काही तासांनी जाहीर होतात. हे आकडे आवश्यकच आहेत, आणि पाटबंधारे खात्याला दुसऱ्या कोणत्या भाषेत बोलता येणार? परंतु सराफ बाजारातला किंवा भांडी बाजारातला दुकानदार विचारतो ते एवढेच, की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आले आहे. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत, हे माप त्याने वर्षानुवर्षे पाहिले आहे आणि माल कधी हलवायचा ते तो त्यावरून ठरवतो. सप्टेंबर 2008 किंवा ऑगस्ट 2019 चा पूर ज्यांनी अनुभवला त्यांना हे वेगळे सांगायला नको. इतका विसर्ग झाला तर मारुतीला साधारण कुठवर पाणी लागते, एवढी एक ओळ आकड्याशेजारी आली, तरी अर्धे काम होईल.

हरकती आणि सूचना मागवणाऱ्या जाहिरातींची अवस्था मात्र वाईट आहे. विकास आराखड्यात फेरबदल करायचा झाल्यास महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 नुसार नागरिकांना हरकतीसाठी महिनाभराची मुदत मिळते. त्या जाहिरातीत मौजे, सर्व्हे क्रमांक आणि आरक्षण क्रमांक, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेचा आराखड्यातला क्रमांक, असतो. ज्या मैदानावर मुले रोज क्रिकेट खेळतात तेच हे मैदान, हे त्यावरून शेजारच्या सोसायटीलाही उमगत नाही आणि महिना निघून जातो. याउलट सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामसाठी तपोवनातील झाडे तोडण्याचा प्रस्ताव 2025 च्या नोव्हेंबरात आला, तेव्हा मोठ्या संख्येने हरकती दाखल झाल्या. तपोवनाबद्दलची आस्था हे त्याचे मुख्य कारण आहेच; पण कोणती जागा आणि कोणती झाडे हे तिथे कोणाला शोधत बसावे लागले नाही, हेही एक कारण असावे. झाड तोडण्याची सूचना त्या झाडावर लावण्याची पद्धत आहे, तशी आरक्षण बदलाची सूचना त्या जागेवर मोठ्या अक्षरांत फलक लावून का देऊ नये?

(घरपट्टी लवकर भरल्यास मिळणाऱ्या सवलतीची जाहिरात मात्र रिक्षावरच्या भोंग्यापासून मोबाइलपर्यंत सर्वत्र पोहोचते. वसुलीच्या सूचनेला माध्यम कधी कमी पडत नाही!)

नवे सभागृह आता बसले आहे. शहराच्या सहा विभागांतील प्रभाग समित्यांच्या बैठकांची तारीख आणि विषय विभागीय कार्यालयाबाहेर आठवडाभर आधी लावावेत, आणि ज्या भागाचे पाणी बंद राहणार आहे तिथल्या घंटागाडीवरून आदल्या दिवशी तशी घोषणा व्हावी, अशी माझी मागणी आहे. सिंहस्थाची कामे जोरात सुरू असल्याने रस्ते बंद, वाहतूक वळवली आणि पाणी बंद अशा सूचना 2027 च्या अमृतस्नानांपर्यंत वाढतच जाणार आहेत. म्हणून आपल्या प्रभागातील चारही नगरसेवकांना हे पत्राने कळवण्याचे मी ठरवले आहे, आणि वाचकांनीही आपापल्या प्रभागात तसे करावे.