अपडाऊन

जळगावात कॉलेज करणाऱ्या बाहेरगावच्या पोरांच्या दोनच जाती: रूम करून राहणारे आणि अपडाऊन करणारे. (बाकीच्या जाती ॲडमिशनच्या फॉर्मवर असतात, त्यांची आठवण स्कॉलरशिपच्या दिवसांत येते.) रूमवाल्यांचं वजन जास्त. शेवभाजी कुठे झणझणीत मिळते, कुठल्या मेसची बाई रविवारी गोड करते, हे त्यांना ठाऊक असतं. आम्हाला ठाऊक असतं ते एवढंच, की आज गाडी किती लेट आहे. सरांनी विचारलं, "का रे उशीर?" की आम्ही खाली मान घालून म्हणतो, "सर, अपडाऊन आहे." ताप आहे म्हणावं तसं.

माझं गाव अमळनेर तालुक्यात. गावातून स्टेशनापर्यंत जो कोणी दूध घेऊन निघाला असेल त्याच्या मोटारसायकलवर, कॅनमध्ये पाय अडकवून. तिथून पॅसेंजर. टाकरखेडे, धरणगाव, पाळधी, मग गिरणेचा पूल आणि जळगाव. दुसरं वर्ष चालू आहे. या प्रवासात मी अभ्यास किती केला ते विचारू नका, पण शिकलो बरंच. आमच्या अभ्यासक्रमात आता भारतीय ज्ञानप्रणाली नावाचा विषय आलाय. तो मला वर्गापेक्षा डब्यातच जास्त कळतो. कपाशीवर लाल्या का पडतो इथपासून सुनेनं वेगळी चूल का मांडली इथपर्यंत सगळ्या विषयांचे तज्ज्ञ समोरासमोर बसलेले असतात, आणि परीक्षा नसते.

या गाडीत मला एक गंमत सापडलीय. अमळनेरला डबा अहिराणीत चढतो. "सरक ना भो", "माले बसू दे", "तठे जागा शे." पत्ते अहिराणीत पडतात, शिव्या तर अहिराणीतच. धरणगावला गर्दी वाढते, आवाजही वाढतो. पाळधी गेली की आवाज जरा उतरतो. कोणी शर्ट आत खोचतो, कोणी मोबाइलच्या काचेत भांग बघतो. आणि गिरणेच्या पुलावर गाडीचा खडखडाट बदलला की 'शे'चं 'आहे' होतं, 'माले'चं 'मला' होतं. कोणी सांगत नाही, शिट्टी वाजत नाही. जळगावच्या फलाटावर उतरतात ती सगळी प्रमाण मराठी माणसं.

मला हे कळलं ते आईमुळे. आईमुळे म्हणजे मायमुळे. पहिल्या वर्षी एकदा तिचा फोन आला तेव्हा मी कॅंटीनमध्ये होतो, सोबत शहरातली चार पोरं-पोरी. ती म्हणाली, "पोचना का? जेवना का?" मी म्हणालो, "हो आई, पोहोचलो. जेवण झालं माझं." पलीकडे शांत. मग माय म्हणते, "कोण बोली ऱ्हायना?" तिला वाटलं, फोन भलत्याच्या हातात गेला. मी परत सांगितलं, "आई, मीच बोलतोय." तिनं फोन कट केला आणि पुन्हा नंबर लावला. त्या दुसऱ्या फोनला मी कॅंटीनच्या मागे, गॅसच्या टाक्यांजवळ जाऊन उत्तर दिलं. "हा माय, मीच शे."

यामागे पहिल्याच महिन्यातली एक गोष्ट आहे. वर्गात सरांनी मत विचारलं आणि मी उभा राहून म्हणालो, "सर, माले वाटस..." पुढचं वाक्य कोणी ऐकलंच नाही. वर्ग हसला. सर चांगले आहेत, रागावले नाहीत. हसू आवरत म्हणाले, "मराठीत सांग." तास मराठीचाच होता. मला वाटस ते काय होतं, ते आता मलाही आठवत नाही. त्यानंतर वर्षभर मी वर्गात हात वर केला नाही.

आता हे ज्या विद्यापीठाच्या हद्दीत घडलं, त्याला 2018 पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. जळगावजवळच्या आसोद्याची ही बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर आणि वावरात ओव्या सुचत गेल्या आणि मुलानं, नातेवाइकांनी त्या उतरून ठेवल्या. 1951 साली ती गेली आणि पुढच्या वर्षी अत्र्यांच्या पुढाकारानं कविता छापून आल्या. जाणकार लगेच दुरुस्त करतील, म्हणून आधीच सांगतो: तिची बोली आमची अहिराणी नव्हे. ती पूर्वेकडची लेवा गणबोली. खान्देशात दर दहा कोसांवर बोली बदलते, तावडी वेगळी, गुजरी वेगळी, सातपुड्यातली पावरी आणखी वेगळी. पण मुद्दा तो नाही. बहिणाबाई आज आमच्या वर्गात उभी राहून बोलली असती तर आधी हसू आलं असतं, इतकंच मला म्हणायचंय. कवितेत आली की गोड, बाकावर आली की गावंढळ.

2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन झालं. मी बारावीला होतो. त्याआधीचं अमळनेरचं संमेलन 1952 चं, म्हणजे बहिणाबाईंच्या कविता छापून आल्या त्याच वर्षीचं. गावात विद्रोही संमेलनही त्याच दिवसांत भरलेलं. आम्ही दोन्हीकडे फिरलो, पुस्तकांच्या स्टॉलवर हात लावून पाहिला, एक शब्दकोश घेतला आणि बाकीच्या पैशांची भजी खाल्ली. मोठी मोठी माणसं बोलींबद्दल फार प्रेमानं बोलत होती. प्रमाण मराठीत. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मीही स्टेटस ठेवलं. डब्यातल्या एका आबांनी विचारलं, "म्हंजे काय व्हई आते?" मी जे काही सांगितलं त्यानं त्यांचं समाधान झालं नाही. माझंही नाही.

कोणी म्हणेल, अहिराणीला आता बरे दिवस आलेत. रील बघा, लग्नातली गाणी बघा. खरंय. हळदीला डीजेवर अहिराणी गाणं लागलं की पुण्याहून आलेला पॅकेजवाला भाऊही शर्टाची बटणं उघडतो. पण नीट बघा, रीलमध्ये अहिराणी बोलतो तो कोण? सासूला छळणारी सून, दारू पिऊन आलेला नवरा, शहरात गेल्यावर फसलेला बावळट. ही भाषा आम्हाला हसायला चालते, नाचायला चालते, भांडायला तर हवीच. कोणी त्यात भौतिकशास्त्र सांगत नाही आणि, हे मी पैजेवर सांगतो, कोणी त्यात प्रेम करत नाही. आमच्या कॉलेजातली पोरं भांडतात अहिराणीत, सरांशी बोलतात मराठीत, नोकरीचा अर्ज लिहितात इंग्रजीत आणि पोरीला विचारतात हिंदीत. माझा एक मित्र, ज्याच्या सात पिढ्या बोरी नदीच्या काठी गेल्या, तो रात्री तिला मेसेज करतो, "खाना खाया क्या?" अरे, तुझी माय हेच दोन शब्दांत विचारते! (त्याचं जमलं, हे मान्य करायला हवं.)

हे सगळं मी तावातावानं एकदा कट्ट्यावर बोललो. सातपुड्यातल्या धडगावकडचा एक पावरा आदिवासी मित्र शांतपणे शेंगदाणे सोलत ऐकत होता. म्हणाला, "तुमचं बरंय. तुम्ही बोलल्यावर लोक हसतात तरी. आम्ही बोललो तर हसायलासुद्धा कळावं लागतं ना." मग त्यानं आठवण करून दिली, की पहिल्या वर्षी त्याच्या बोलण्याची नक्कल करणाऱ्यांत मीही होतो. होतो. ग्रियर्सन नावाच्या साहेबानं शंभरेक वर्षांपूर्वी भारतातल्या भाषांची पाहणी केली. 1907 साली निघालेल्या खंडात त्यानं खान्देशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, भिल्ली भाषांच्या बरोबरीनं बसवलं. हे मी लायब्ररीत वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला काय वाटलं असेल? राग आला. रागाचं कारण शोधायला लागलो आणि ते काही फार चांगलं निघालं नाही.

डब्यात दुसरा चालू विषय म्हणजे लग्न. समोरच्या बाकावरच्या बापांच्या मोबाइलमध्ये बायोडाट्यांचा ढीग असतो. पोरगा वावर करणारा असेल तर पाच-पाच वर्षं पोरगी मिळत नाही, आणि मग सगळा राग पोरींवर निघतो: शिकल्या, अर्ध्या तिकिटात एसटीनं हिंडायला लागल्या, डोक्यावर बसल्या. मुलगी सांगून आली की कौतुकानं म्हणतात, "पोरगी शुद्ध बोलस." शुद्ध! जशी काय बाकीची भेसळ. आमच्याच गाडीनं येणारी वर्गातली एक जण एकदा न राहवून बोलली. म्हणाली, "नाना, तुम्हाला सून पाहिजे की पहाटे चारला उठून कापूस वेचणारी बाई? बाई पाहिजे तर मजुरी सांगा." डबा गप्प. तिनं हे अख्खं अहिराणीत सुनावलं होतं, आणि गाडी पाळधीच्या पुढे आली होती.

माझी बहीणही अशीच. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी. त्या आठवड्यात सुरतेहून येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, कारण अर्धा खान्देश उधना-लिंबायतला राहतो, मागावर आणि साड्यांच्या कामात. माझा मामाही तिकडचाच. त्याची पोरं गुजराती बोलतात, हिंदी बोलतात, घरात खणखणीत अहिराणी बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना येत नाही, त्यामुळे अहिराणीची लाजही येत नाही. तर कानबाईच्या नैवेद्याचे रोट करायचे असतात. आमच्या घरी त्याला धान्य घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ मोजतात. दोन वर्षांपूर्वी बहिणीनं विचारलं, "कानबाई बाई, रोट करणाऱ्या बाया, उपास बायांचा. मग मूठ आमची का नाही?" बाबांनी ही परंपरा आहे असं सांगितलं. मामा म्हणाला, लग्न झाल्यावर तुझी मूठ तिकडे. ती म्हणाली, तिकडे तरी कुठे माझी, तिकडे नवऱ्याची. मी काय केलं? मी प्रगत विचारांचा माणूस, मी मोबाइलमध्ये बघितलं. माय काही बोलली नाही. सूप पुढे ओढून मोजायला लागली आणि शेवटी एक मूठ जास्त टाकली. कोणाच्या नावाची ते म्हणाली नाही. गेल्या वर्षीही टाकली. बाबांनी पाहिलं आणि पंख्याकडे बघितलं. त्यांनाही रोट आवडतात.

मागच्या महिन्यात डब्यात एक आप्पा भेटले, रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर. मी सवयीनं म्हणालो, "रोज अपडाऊन करतो, आप्पा." त्यांनी विचारलं, "अप कोणती अन् डाऊन कोणती?" मी म्हणालो, कॉलेजला जाताना अप, घरी येताना डाऊन. ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. म्हणाले, मुंबईकडे तोंड करून जाते ती अप, मुंबईकडे पाठ करून जाते ती डाऊन. आपली लाईन पश्चिम रेल्वेची, सुरतेवरून मुंबईला जोडलेली. म्हणजे जळगावला जातोस ती डाऊन आणि संध्याकाळी गावाकडे येतोस ती अप.

दोन वर्षं मी उलटं समजत होतो. संध्याकाळी घराकडे निघालेला प्रत्येक फेरा सरकारी हिशोबानं वर जाणारा होता! मी ते सगळ्यांना सांगत सुटलो. वर्गातली ती पोरगी मात्र म्हणाली, "फार खूश होऊ नको. वर कुठे आणि खाली कुठे ते शेवटी मुंबईच ठरवते."

आता 2027 मध्ये जनगणना आहे. मागच्या, म्हणजे 2011 च्या जनगणनेत खान्देशी ही मराठीपासून वेगळी मोजली होती, 18 लाख 60 हजारांच्या आसपास माणसं. मी तेव्हा बालवाडीत. बाबांना विचारलं, तेव्हा काय सांगितलं होतं? ते म्हणाले, मराठी. का? तर मोजायला आलेले गुरुजी ओळखीचे होते, त्यांच्यासमोर कसं अहिराणी सांगणार. कोणत्या भाषेत सांगितलं होतं? बाबा थोडं थांबले आणि हसले. अहिराणीत.

या वेळी मी काय सांगावं ते अजून ठरलेलं नाही. मराठीही माझीच आहे; हा लेखसुद्धा तिच्यातच लिहितोय, आणि अहिराणीत लिहायला बसलो तर ऱ्हस्व-दीर्घालाच अडखळेन.

मायनं मात्र तिच्यापुरता तोडगा काढलाय. सकाळी तिचा फोन येतो तेव्हा जेवना का, पोचना का, काही नाही. आधी विचारते, "गिरणा गई का?" मी "नही" म्हटलं की तिची सुरुवात होते: म्हैस, शेजारीण, बहिणीची परीक्षा, कपाशीचा भाव. आणि "हो, गेली" म्हटलं की म्हणते, "बरं, मंग रातले बोलूत." आणि ठेवून देते.