घरच्या वाईनच्या कॅलरी

आमच्या लातुरात घरी असला उद्योग केला तर दारूबंदी कायदा आडवा येतो. कॅनडात मात्र स्वतःपुरती वाईन करायला मुभा आहे. तिथला भाचा परवा फोनवर म्हणाला, "मामा, साखर तर यीस्टनं खाल्ली, मग कॅलरी उरल्या कुठं?"

रसायनशास्त्राच्या मास्तराला निवृत्तीनंतरही सुट्टी नसते. बाबा रे, द्राक्षातल्या 100 ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त 51 ग्रॅम अल्कोहोल निघतं. साखरेच्या ग्रॅमला 4 कॅलरी, अल्कोहोलच्या ग्रॅमला 7. म्हणजे 400 च्या साडेतीनशे झाल्या, बस्स! यीस्टनं आपला वाटा घेतला, बाकी सगळं तुझ्याच ग्लासात.

त्याच्या हायड्रोमीटरवर, म्हणजे रस पाण्याच्या किती पट जड ते दाखवणाऱ्या नळीवर, सुरुवातीला 1.090 होतं, शेवटी 1.000. फरकाला 131 नं गुणलं की जवळपास 12 टक्के अल्कोहोल. 150 मिलीच्या ग्लासात 18 मिली अल्कोहोल, पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वजन 14 ग्रॅम. झाल्या 98 कॅलरी. उरलेल्या साखरेच्या थोड्या वर धरायच्या. सुरुवातीचं माप घेतलंच नसेल तर मात्र सगळं अंदाजपंचे.

शेवटी गोडीसाठी चमच्यानं घातलेली साखर वेगळी मोजायची. ती साहेबांनी हिशोबात धरलीच नव्हती.