सूर्य मावळायच्या आत चुकारा

मी घरांची डागडुजी, प्लास्टर आणि रंगकामाचे ठेके घेतो. नागपुरात बावीस वर्षं हेच करतोय. सदर, मोहननगर, काटोल रोड, जरीपटका, बहुतेक कामं याच पट्ट्यात. हाताखाली दहा-बारा माणसं असतात: मिस्त्री, पेंटर, हेल्पर आणि रेजा, म्हणजे बाया मजूर. बरेचसे बालाघाट, मंडला, गोंदियाकडचे.

आमच्या धंद्यात पैसे द्यायची एक ठरलेली पद्धत आहे. शनिवारी खर्ची द्यायची, म्हणजे आठवड्याच्या किराण्यापुरते पैसे. उरलेली रोजी डायरीत जमा करायची. हिशोब होतो तो होळीला, दिवाळीला, नाहीतर काम संपल्यावर, आणि तेव्हाही थोडी बाकी मुद्दाम ठेवायची. बाकी असली की माणूस गावाहून परत येतो, हे मला माझ्या उस्तादांनी पहिल्याच वर्षी शिकवलं. मी कुणाचा पैसा बुडवला नाही असं मी छातीठोकपणे सांगायचो. आज ना उद्या द्यायचाच आहे, मग त्यात पाप कसलं, असंच मला वाटे.

2024 च्या लेंटमधली, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, राखेच्या बुधवारपासून घरोघरी संध्याकाळच्या प्रार्थना असतात. त्या दिवशी पाळी आमच्या घराची होती. सोफा बाहेर काढून हॉलमध्ये सतरंजी टाकली होती. वीस-बावीस माणसं बसली होती, आत चहाचं आधण चढलं होतं. गीत झालं आणि वाचन माझ्याकडे आलं: बायबलमधलं याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय. मी उभा राहिलो तेवढ्यात फाटकाशी माझा एक हेल्पर दिसला. पोराला ताप आहे, हजार रुपये पाहिजेत, असा त्याचा दुपारी फोन आला होता आणि मी त्याला संध्याकाळी ये म्हटलं होतं. मी हाताने खूण केली, थांब. आणि वाचायला लागलो.

चौथ्या वचनात याकोब धनवानांना सांगतो की तुमची शेतं कापणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवलीत ती ओरडते आहे, आणि त्यांच्या आरोळ्या सेनाधीश प्रभूच्या कानी गेल्या आहेत. हे वचन मी आधी कितीतरी वेळा वाचलं असेल. त्या दिवशी वाचून मान वर केली तर तो फाटकाची कडी धरून उभा होता. त्याचे माझ्याकडे अकरा हजार दोनशे रुपये जमा होते. त्यातलेच हजार मागायला तो आला होता, आणि फोनवर त्याने शब्द वापरला होता, "उसने".

पुढची वचनं मी वाचली खरी, पण काय वाचलं ते आठवत नाही. प्रार्थना संपल्यावर त्याला दोन हजार दिले. त्याने दोन्ही हातांनी घेतले आणि "भाऊ, लवकर फेडतो" म्हणाला.

सगळे गेल्यावर मी बायबल घेऊन बसलो. एका वचनाच्या संदर्भावरून दुसरं, असं करत गेलो. लेवीय 19 मध्ये आहे की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवायची नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात तर कारणही दिलंय: ती त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन तिच्याकडे लागलेलं असतं. तो आपला भाऊबंद असो की वेशीच्या आत राहणारा उपरा असो. माझी बालाघाटची माणसं आठवली. मग यिर्मया 22. राजा यहोयाकीम शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेतो, त्याची मजुरी देत नाही, आणि मोठमोठ्या खिडक्यांचं घर बांधून, गंधसरूच्या फळ्या लावून वर हिंगुळाचा रंग देतो. अन्यायाने घर बांधणाऱ्याला हाय हाय, असं संदेष्टा म्हणतो. ज्याचं पोट रंगकामावर चालतं त्या माणसाने हे वचन आजवर कसं ओलांडलं असेल?

आम्हा नागपूरच्या ख्रिस्ती लोकांना आपल्या इतिहासाचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. 29 नोव्हेंबर 1970 ला इथेच, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा संप्रदाय एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. माझे आजोबा त्या दिवशी आलेल्या लोकांना पाणी वाटत होते. ही गोष्ट मी माझ्या पोरांना दर नोव्हेंबरात सांगतो. त्याच घरात, त्याच कपाटात, बायबलच्या खालच्या फळीवर माझ्या हजेरीच्या डायऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या काढल्या आणि बायकोसोबत हिशोबाला बसलो. तिने कॅल्क्युलेटर घेतला, मी आकडे सांगत गेलो. कामावर असलेल्या अकरा जणांचे एक लाख पंधरा हजार निघाले. शिवाय काम सोडून गेलेल्या तिघांची जुनी बाकी होती. तीही तशीच पडून राहिली होती, कारण मागायला कुणी आलं नव्हतं.

मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. मला बायबलमधला जकातदार जक्कय आठवत होता. चौपट परत करीन म्हणाला होता तो. चौपट द्यायचे म्हटले तर घर विकावं लागलं असतं. पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं आणि लेवीय 6 काढून दाखवलं: ज्याने शेजाऱ्याचं लुबाडलं त्याने मुद्दल द्यावं आणि वर त्याचा पाचवा हिस्सा घालावा. म्हणाले, "इथून सुरू कर. आणि हे मंडळीसमोर साक्षीत उभं राहून सांगू नकोस. आधी चुकवून ये." म्हणून मी वर्षभर कुठे बोललो नाही. आता लिहितोय तेही त्यांनीच सांगितलं म्हणून. आमच्या मंडळीत ठेकेदारी करणारी आणखी चार माणसं आहेत.

पाचवा हिस्सा धरून एक लाख अडतीस हजार झाले. बायकोची भिशी लागली होती त्यातले तिने बावन्न हजार दिले. त्या पैशांत तिच्या मनात काय घ्यायचं होतं ते मला माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "अहो, होळीच्या आधी द्या, गावी रिकाम्या हाताने नका पाठवू." दुसरी मोटरसायकल एक्केचाळीस हजारांत विकली. उरलेले पंचेचाळीस चालू कामाच्या बिलातून काढले. होळीच्या चार दिवस आधी साइटवरच सगळ्यांना बसवून एकेकाला हातात दिले. मोठ्या मिस्त्रीने मोजले, पुन्हा मोजले आणि जास्तीचे माझ्यासमोर ठेवले. "भाऊ, हिशोब चुकला." मी सांगितलं, चुकला नाही, इतके दिवस तुमचे पैसे मी वापरले त्याचे आहेत. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग विचारलं, "काम बंद करता का?"

अकरातले आठ होळीनंतर वेळेवर आले. एक दहा दिवस उशिरा आला. दोघं आलेच नाहीत, त्यात तो मोठा मिस्त्रीही होता, चौदा वर्षांचा सोबती. उस्तादांचं म्हणणं खोटं नव्हतं. काटोल रोडचं काम बारा दिवस लांबलं आणि मालकाने त्याचे पैसे कापले. मला राग आला, दुःखही झालं, ते मी लपवणार नाही. पण पैसे दिल्याचा पस्तावा झाला नाही. तो मोकळा माणूस होता आणि मोकळेपणाने गेला.

खरी कसरत पुढे होती. जुनं एकदा चुकवता येतं, पण रोज संध्याकाळी रोकड उभी कशी करायची? ठेकेदार मजुराचे पैसे दाबतो कारण मालक ठेकेदाराचे दाबतो. माझी पद्धत होती तीस टक्के आगाऊ आणि बाकी काम संपल्यावर. शेवटचे दहा-पंधरा टक्के महिनोन्‌महिने अडकत. आता कोटेशनमध्येच लिहून देतो: शुक्रवारी मोजमाप, शनिवारी त्या आठवड्याचे पैसे. दोन मालकांनी नकार दिला, ती कामं गेली. एकाने मान्य करूनही मे महिन्यात तीन आठवडे टाळलं. त्या तीन आठवड्यांत मी घरातून मजुरी दिली, आणि घरात महिनाभर मटण शिजलं नाही. लेंट संपून गेला होता तरी. आता दोन आठवड्यांची मजुरी बाजूला असल्याशिवाय नवं काम धरत नाही. त्यामुळे कामं कमी झाली. दोन साइटी एकाच वेळी चालवणं मी सोडलं.

बारीकसारीक अडचणी कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. रोज द्यायचं तर सुटे लागतात, म्हणून बँकेतून दहाच्या आणि पन्नासच्या गड्ड्या आणून ठेवतो. साडेपाचला ब्रश आणि थापी धुऊन झाल्या की चुकारा, आणि ज्याचा त्याला. पूर्वी नवरा-बायको दोघं कामावर असले की दोघांचे पैसे मी नवऱ्याच्या फोनवर टाकायचो. आता रेजाचे पैसे रेजाच्या हातात. पहिल्या दिवशी एकीने ते लुगड्याच्या सोग्याला बांधले, गाठ ओढून पाहिली आणि मग तगारी उचलून ठेवायला गेली. रेजाची रोजी 360 होती आणि पुरुष हेल्परची 450. दोघं एकाच तगारीने माल वाहतात. तेही त्याच आठवड्यात सारखं केलं.

मत्तय 20 चा दाखला मला आता वेगळाच दिसतो. द्राक्षमळ्याचा मालक बाजारात उभ्या माणसांना कामाला नेतो, म्हणजे आपला मजुरांचा ठिय्याच. उशिरापर्यंत उभे राहिलेले म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलं नाही. अकरा वाजता ठिय्यावरून जाताना जे उरलेले असतात त्यांचे चेहरे बघा. तो मालक शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिनार, म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी देतो, तोही संध्याकाळ होताच. मी अजून तिथवर पोहोचलेलो नाही. अवकाळी पावसाने दुपारी काम थांबलं तर मी अर्धीच हजेरी देतो, आणि दर वेळी देताना मन खात राहतं.

सोडून गेलेल्या तिघांपैकी एक पेंटर फोनवर सापडला, त्याला पाठवले. दुसरी एक रेजा. दोन वर्षांपूर्वी गावी गेली ती परत आली नव्हती, फोनही नव्हता. तिच्या गावच्या एकाकडून पत्ता मिळाला, किरनापूरच्या पुढचं खेडं. ईस्टरनंतर एप्रिलमध्ये निघालो. नागपूर ते गोंदिया गाडीने. याच लोहमार्गाने राजनांदगावला जाताना कवी ना. वा. टिळकांना एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला होता, आणि पुढे 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुमसर, तिरोडा मागे पडत होते आणि मी पाकिटावर लिहिलेला आकडा पाहत होतो. डायरीत चौदा दिवस होते. 5,040, पाचवा हिस्सा 1,008, एकूण 6,048.

गोंदियाहून बस, मग ऑटो. तिच्या अंगणात मोहफुलं वाळत घातलेली होती. मला पाहून ती उठली आणि पदर सावरत पहिलं वाक्य बोलली, "साहब, मैंने तो कोई उचल नहीं ली थी." तिला वाटलं, मी वसुलीला आलोय. मी पाकीट पुढे केलं आणि चौदा दिवसांची मजुरी राहिली होती म्हणून सांगितलं. ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "पंद्रह." टाकीच्या स्लॅबचा दिवस. त्या दिवशी रात्री आठपर्यंत काम चाललं होतं आणि मी हजेरी मांडायची विसरलो होतो. तिने तो दिवस दोन वर्षं मोजून ठेवला होता. तिचं मन तिकडे लागलेलं होतं. मी खिशातून 432 काढून दिले. तिने सगळे मोजले, आत गेली, आणि तांब्याभर पाणी घेऊन आली.

तिसऱ्याचं अजून राहिलंय. नऊ दिवस, रोजी 400, पाचव्या हिश्शासकट 4,320. डायरीत त्याचं नावच नाही. मीच लिहिलंय, "हेल्पर, नवा". नऊ दिवस माझ्यासाठी काम केलेल्या माणसाला मी नाव विचारलं नव्हतं. गणना 5 मध्ये आहे की ज्याचं द्यायचं तो नसेल आणि घ्यायला त्याचा जवळचा कुणी नातलगही नसेल, तर ते परमेश्वराचं होतं. पाळकसाहेब म्हणाले, हवं तर मंडळीच्या गरिबांच्या फंडात टाक. मी अजून टाकलेले नाहीत, कारण तो असणार, कुठेतरी काम करत असणार. दर सोमवारी सकाळी ठिय्यावर माणसं घ्यायला जातो तेव्हा विचारतो. तो डावखुरा होता, पुट्टीची पत्ती डाव्या हातात धरायचा. एवढंच मला सांगता येतं.