दुपारी चालतो, जेवणाच्या वेळी बंद पडतो

तक्रार एका ओळीची होती: ‘मधेच बंद पडतो’. ठाण्यात घोडबंदर रोडवरचा टॉवर, २८ लिटरचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, वॉरंटी शिल्लक. माझ्याआधी दोघं जाऊन आले होते आणि दोघांनीही ‘मशीन ओके’ लिहून कॉल बंद केला होता. गेले होते दुपारी. पाण्याचा ग्लास ठेवायचा, दोन मिनिटं चालवायचा, पाणी तापलं की सही घ्यायची. आमच्या लाइनीत दिवसाला इतके कॉल उरकायचे असतात की यापलीकडे कोणी सहसा थांबत नाही.

मी फोनवर वहिनींना एवढंच विचारलं, बंद नेमका केव्हा पडतो? त्या म्हणाल्या, “सकाळी डब्याच्या गडबडीत, नाहीतर रात्री जेवणाच्या वेळी. दुपारी मी पॉपकॉर्न करते, केक करते, तेव्हा कधीच नाही.” म्हटलं, मग मी सातला येतो. स्वयंपाक रोजच्यासारखा चालू राहू द्या, माझ्यासाठी काही आवरून ठेवू नका.

दारात घरचा मुलगा भेटला, वहिनींचा नवरा. काही वर्षं न्यू जर्सीला काढून परतलेला, बोलणं नीट पण मनातून तापलेला. “मशीन बदलूनच द्या, आता चेकिंग नको.” मी होला हो केलं आणि आत गेलो.

स्वयंपाकघर नवं कोरं. चार बर्नरचा हॉब, वर चिमणी, आणि चिमणीला खेटून डाव्या हाताला प्लायचा खोका, त्यात मायक्रोवेव्ह. खोक्याचा निम्मा भाग थेट डावीकडच्या बर्नरवर. मुलाने अभिमानाने सांगितलं, तिकडे सगळ्यांकडे असाच गॅसवर असतो, ओटा मोकळा राहतो. खरं आहे, अमेरिकेत असतो. पण ती यंत्रंच वेगळी. त्यांच्या तळाला तेल अडवणारी जाळी असते, धूर ओढणारा पंखा असतो, खालून आच येणार हे धरूनच ती बनवलेली असतात. आपल्याकडे दुकानातून येतो तो ओट्यावर ठेवायचा मायक्रोवेव्ह. त्याच्या पुस्तिकेत ‘गॅसवर ठेवू नका’ असं छापलेलं असतं. पुस्तिका हमीपत्राच्या पिशवीत असते आणि पिशवी माळ्यावर.

एका बर्नरवर कुकर होता, खोक्याखालच्या बर्नरवर दूध. मुलाच्या आईने, काकूंनी, काचेच्या भांड्यात सकाळचं वरण गरम करायला लावलं. मी घड्याळ लावून उभा राहिलो. चारेक मिनिटं झाली असतील, खट् आवाज झाला आणि आतला दिवा, ताटली, पंखा, सगळं गेलं.

“हे असं,” काकू म्हणाल्या आणि मी काही बोलायच्या आत दार उघडून त्यांनी हात वर केले. काकूंची उंची पाच फुटांच्या आत. आत अंधार. फडक्याने भांडं धरून त्यांनी पुढे ओढलं, ताटलीच्या कडेवर ते अडकलं, कललं आणि उकळतं वरण त्यांच्या मनगटावरून खाली हॉबवर आलं. दुधाखालची ज्योत विझली. गाऊनची बाही कुकरच्या आचेपासून चार बोटांवर होती.

मी आधी दोन्ही नॉब बंद केले. ज्योत विझली तरी पाइपचा गॅस येतच राहतो. आपोआप गॅस तोडणारी सोय सगळ्या हॉबमध्ये नसते, यात नव्हतीच. मग काकूंचा हात नळाखाली धरायला लावला. वहिनी टूथपेस्ट आणायला धावल्या, त्यांना थांबवलं. टूथपेस्ट नको, बर्फ नको, नुसतं वाहतं पाणी, चांगली वीस मिनिटं. बांगड्या तेवढ्या काढून घ्या, हात सुजला तर अडकतात. निभावलं थोडक्यात, कातडी लाल झाली, फोड आला नाही. काकू मात्र उलट मलाच समजावत होत्या, “अहो भाऊ, सवय आहे. मागच्या महिन्यातही झालं होतं.” मुलाने वळून आईकडे पाहिलं. त्याला हे ठाऊकच नव्हतं.

काकू नळाखाली हात धरून उभ्या असताना मी टेप लावली. खोक्याचा तळ जमिनीपासून ५८ इंच. म्हणजे काकूंच्या डोळ्यांच्या वर. सहा महिने त्या उकळत्या भांड्यांना चाचपून हात घालत होत्या आणि तेही पेटत्या शेगडीवरून वाकून. त्यांना चहाचं पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापवायची सवय, ती तर याहून वाईट. गुळगुळीत कपातलं पाणी कधीकधी बुडबुडा न येता उकळीच्याही वर तापतं आणि कप हलवला, चमचा घातला की एकदम उसळतं. ओट्यावर उसळलं तर हातावर येईल, या उंचीवर सरळ तोंडावर.

मशीन खाली घेतलं. प्लग मागे नव्हता, वरच्या कपाटात एक्स्टेंशन बोर्ड ठेवून त्यात लावलेला. १६ अँपिअरच्या जाड पिनेला सहाचा कन्व्हर्टर, तो बोर्डात, त्याच बोर्डात चिमणीची पिन. कन्व्हेक्शनवर हे मशीन २,२०० वॅट खातं, २३० व्होल्टला साडेनऊ अँपिअर. कन्व्हर्टर एका बाजूने तपकिरी होऊन मऊ पडला होता. खोक्याच्या तळाचं लॅमिनेट फुगलेलं. मागे प्लाय, वर प्लाय, बाजूला बोट जाईल एवढी फट.

मॅग्नेट्रॉनला, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागाला, दिलेल्या विजेतली साधारण एक तृतीयांश उष्णता होऊन वाया जाते. ती बाहेर टाकायला पंखा लागतो आणि पंख्याला हवा लागते. वर वीस-तीस सेंटिमीटर, मागे दहाएक, बाजूंना थोडी; मॉडेलप्रमाणे आकडे बदलतात, पण शून्य कुठल्याच पुस्तिकेत नसतं. इथे पंखा खोक्यातली तीच गरम हवा फिरवत होता, वर खालून कुकरची वाफ आणि फोडणीचा धूर. भर मे महिन्यात गोधडी पांघरून पळायला लावावं तसं चाललं होतं. अति तापलं की वीज तोडणारा कटआउट आपलं काम चोख करत होता. दुपारी गॅस बंद, म्हणून तक्रारही बंद. झाकण उघडलं तर पंख्याची पाती चिकट काळी आणि कंट्रोल बोर्डावर झुरळांची घाण. ऊब, खरकटं, अंधार. त्यांना आणखी काय हवं?

(झाकण मी उघडतो म्हणून तुम्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये दोनेक हजार व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात. माझ्या ओळखीतले चांगले मुरलेले मेकॅनिक त्याने भिंतीवर फेकले गेलेत.)

साफ करून जोडत होतो तेव्हा मुलाने विचारलंच. प्रत्येक घरात हा प्रश्न येतो. “खाली ठेवला तर रेडिएशनचं काय? आई समोरच उभी असते. छोटाही असतो.” म्हणून तो उंचावर ठेवला होता, हेही कारण होतं तर! लहरींची लांबी १२ सेंटिमीटर, दाराच्या जाळीची भोकं एखाद-दोन मिलिमीटरची, त्यातून त्या जवळपास बाहेर पडत नाहीत. दार उघडताच स्विच वीज तोडतात. गळतीची मर्यादा दारापासून पाच सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॅट, आणि अंतर वाढेल तशी ती झपाट्याने घटते. मीटर काढून दाराभोवती फिरवून दाखवला, काटा हलला नाही. दार वाकलं, काच तडकली, बिजागरी ढिली झाली तर मात्र वापरू नका. लोक मला लहरींबद्दल विचारतात, आणि भाजलेली माणसं मी पाहिलीत ती सगळी वरणाने, दुधाने, वाफेने.

मग जागा शोधणं सुरू झालं. मुलगा म्हणाला फ्रिजवर. काकूंना ते आणखीच उंच, शिवाय फ्रिजलाही वरून हवा लागते. वहिनी म्हणाल्या ओट्याखालच्या ट्रॉलीच्या जागी. काकूंचे गुडघे आणि तीन वर्षांचा नातू, दोन्ही कारणांनी बाद. ओट्याच्या उजव्या टोकाला १६चा पॉइंट तयार होता, सगळ्यांचं तिथे जवळपास ठरलंच. मी मशीन उजव्या भिंतीला टेकवून दाखवलं. या दारांची बिजागरी डावीकडे असते, दार उघडलं की ते डावीकडे येतं आणि भांडं ठेवायची जागा दाराच्या पलीकडे जाते. गरम भांडं हातात घेऊन दाराला वळसा घालायचा. म्हणून मायक्रोवेव्ह ओट्याच्या डाव्या टोकाला आणि त्याच्या उजव्या अंगाला हातभर ओटा मोकळा.

डाव्या टोकाला एअर फ्रायर, टोस्टर आणि ज्यूसर होते. “हे कोण वापरतं?” काकूंनी विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. तिन्ही वस्तू त्याच रात्री माळ्यावर गेल्या.

वायरिंगचं काम माझं नाही, तसं मी स्पष्ट सांगितलं. इलेक्ट्रिशियनकडून मेन बोर्डापासून वेगळी लाइन, चार एमएमची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि १६चा सॉकेट, तोही मशीनच्या मागे नाही, बाजूला, हात पोचेल असा. तोवर कन्व्हर्टर कचऱ्यात आणि मायक्रोवेव्ह बंद.

ॲपमध्ये कॉल बंद करताना तीनच पर्याय येतात: पार्ट बदलला, दुरुस्त केला, दोष आढळला नाही. नवरा-बायको हॉब पुसत होती, मी तिसऱ्यावर टिक केलं. त्याचे पैसे सगळ्यांत कमी मिळतात.

पंधरवड्याने वहिनींचा फोटो आला. नव्या जागी मायक्रोवेव्ह, पुढे काकू, डोळ्यांना नीट दिसेल अशी ताटली. फोटोच्या कोपऱ्यात गॅसवरचा जुना खोका दिसत होता, त्यात प्लास्टिकचे डबे आणि तेलाचा कॅन रचलेला. मी लगेच फोन लावला.